लोहपंखाचं लेखापरीक्षण

सिनेमाला जाताना माणसं रुमाल घेतात, चष्मा घेतात, थिएटरातल्या गारठ्याची धास्ती असेल तर स्वेटर घेतात. आक्षेपराव लाल पेन्सिल घेऊन गेले. सोबत पाठकोरे कागद, आणि अंधारात लिहिता यावं म्हणून किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला छोटा टॉर्च. निघताना बायकोने विचारलं, की सिनेमा बघायला चाललाय की धाड घालायला. त्यांनी टॉर्च लावून-विझवून बघितला. या दोन गोष्टींत नेमका काय फरक असतो हे त्यांना आयुष्यात कधी कळलेलं नव्हतं.

आक्षेपराव हे आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. नगरपालिकेच्या लेखापरीक्षण विभागात ते इतकी वर्षं होते, की त्यांच्या टेबलावरून आक्षेपाशिवाय सुटलेला कागद दाखवा आणि बक्षीस मिळवा, अशी पैज लावायला हरकत नव्हती. शिवाय ते आपल्या सोसायटीचे मानद हिशेबतपासनीस होते. मानद म्हणजे त्यात चहासुद्धा नाही. पण या पदावर त्यांचा भारी जीव. ऑफिसात त्यांच्या डोक्यावर साहेबांचे थरच्या थर होते. सोसायटीत त्यांच्या डोक्यावर फक्त पाण्याची टाकी होती. सेक्रेटरीने जिना रंगवला, की हे विचारणार, व्हाउचर कुठाय. सेक्रेटरीने झाडाची कुंडी घेतली, की व्हाउचर कुठाय. सेक्रेटरी बिचारा हल्ली शिंकतानाही मागे वळून बघायचा.

तर अशा माणसाच्या लहानपणच्या लाडक्या हिरोवर कुणीतरी सिनेमा काढला. हिरोचं नाव लोहपंख. दिवसा लिफ्ट दुरुस्त करायची, आणि संकट आलं की पोलादी पंख चढवून उडायचं, हा त्याचा धंदा. पंख लोखंडाचे, त्यामुळे उडण्याआधी त्याला दर वेळी सांध्यांत तेल घालावं लागे. आणि गंजासुर नावाचा त्याचा वैरी मिठाच्या पाण्याची पिचकारी घेऊन टपलेला असे. या चित्रकथांचे सगळे अंक आक्षेपरावांनी पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालून जपले होते. फक्त शेवटचा अंक लहानपणीच घर बदलताना कुठेतरी गहाळ झाला होता. पण त्याची त्यांना काळजी नव्हती. तो त्यांना तोंडपाठ होता.

सिनेमा सुरू झाला आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पडद्यावरचा लोहपंख तेलच घालेना. मनगटावरचं बटण दाबलं, की पाठीतून पंख सळसळत बाहेर. चित्रकथेत तो लिफ्ट दुरुस्त करायचा. इथे लिफ्ट असलेल्या इमारतीच त्याच्या मालकीच्या. गंजासुर तर ओळखूच येईना. चित्रकथेतला गंजासुर वाईट होता, कारण तो वाईट होता. सिनेमातल्या गंजासुराचं बालपण वाईट गेलं होतं, आणि ते त्याने चांगलं अर्धा तास सांगितलं. आक्षेपरावांचा टॉर्च लागत होता, विझत होता. मागच्या रांगेतून कुरकुर सुरू झाली. डोअरकीपर त्याचा मोठा टॉर्च घेऊन आला, आणि थोडा वेळ दोन्ही टॉर्च एकमेकांच्या तोंडावर रोखलेले राहिले. शेवटी तहात असं ठरलं, की आक्षेपरावांनी अंधारातच लिहावं. त्यामुळे पुढचे सगळे आक्षेप एकमेकांवर चढले.

शेवटाला लोहपंख गाव वाचवता वाचवता समुद्रात बुडाला. कायमचा. थिएटरभर नाकं ओढल्याचे आवाज झाले. त्या शांततेत आक्षेपराव उभे राहिले आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "साफ खोटं आहे हे."

मागच्या रांगेत, डोळे पुसत बसलेला माणूस निघाला त्यांच्याच सोसायटीतला, वरच्या मजल्यावरचा डेंटिस्ट. झालं. वादाला थिएटरच्या पायरीवर तोंड फुटलं आणि सोसायटीच्या लिफ्टपर्यंत तो चालत आला. डेंटिस्टचं म्हणणं, तो शेवट म्हणजे सिनेमाचा आत्मा. काळीज पिळवटून निघालं. आक्षेपरावांचं म्हणणं, आत्मा गेला खड्ड्यात, मूळ चित्रकथेत लोहपंख मरतच नाही. वादळात पंख गंजतात, तो समुद्रात पडतो, हे कबूल. पण तो पोहत काठाला येतो. मग ओल्या कपड्यांनी बस पकडून घरी जातो. आई दार उघडते, एवढा उशीर का म्हणून आधी रागावते, मग टॉवेलने त्याचं डोकं पुसते आणि त्याला गरम पाण्यात पाय बुडवून बसवते. नंतर तो झोपतो. समाप्त.

डेंटिस्टने लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं आणि विचारलं, सुपरहिरो गरम पाण्यात पाय बुडवून बसतो? आक्षेपराव म्हणाले, हो. आणि पाण्यात मीठ असतं.

एवढ्यावर मिटलं असतं. पण लिफ्टपाशी सेक्रेटरी बल्ब बदलून घेत उभा होता, आणि त्याच्या कानावर हे सगळं पडलं. त्याने फक्त एकच प्रश्न विचारला, अगदी मऊ आवाजात. "व्हाउचर कुठाय?"

आता स्वतःचंच हत्यार आपल्यावर उलटलं, की माणसाने हसून वेळ मारून न्यावी. आक्षेपरावांना हसून वेळ मारून नेता येत असती, तर ते आज लेखापरीक्षणात नसते, विक्री विभागात असते. ते तडकले. म्हणाले, येत्या शनिवारी हॉलमध्ये सगळ्यांना बोलवा. चित्रकथा आणि सिनेमा शेजारी शेजारी ठेवून तुलना करतो. शेवटचा अंक पुराव्यादाखल सादर करतो. मी खोटा ठरलो, तर हिशेबतपासनीसपदाचा तिथल्या तिथे राजीनामा. सेक्रेटरीने बल्ब तसाच टाकला आणि नोटीस टाइप करायला धावला. या सोसायटीत एखादं काम त्याच दिवशी झाल्याची ही पहिलीच वेळ असावी.

नोटीस लागली आणि सल्ल्यांचा पूर आला. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, बोलताना पोट सैल सोडायचं. कुणीतरी म्हणालं, तुलना करायची तर तक्ता हवा. दुसरं म्हणालं, तक्ते आता कोण बघतं, प्रोजेक्टर हवा. प्रोजेक्टर आला, पण त्याची वायर हॉलमधल्या प्लगात बसेना. प्लग बदलायचा तर कमिटीची मंजुरी हवी, आणि मागे अशाच एका प्लगवर आक्षेपरावांनीच आक्षेप काढून ठेवलेला. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक रोज सकाळी दुधाची पिशवी हातात धरून दारात उभे राहायचे आणि एकच सांगायचे, की चित्रकथा हे वाचनच नव्हे, मग तुलना कशाची करता. बायको काही सल्ला देत नव्हती. तिने आपणहून दादाला फोन करून शनिवारचं आमंत्रण दिलं होतं.

दादा म्हणजे आक्षेपरावांचा मोठा भाऊ, बसच्या आगारात नोकरी करून निवृत्त झालेला. कमी बोलणारा माणूस. धाकट्याचं भाषण आहे म्हटल्यावर एवढंच म्हणाला, की येतो, इस्त्रीचा शर्ट घालून येतो.

राहता राहिला शेवटचा अंक. रद्दीची दुकानं झाली, जुन्या पुस्तकांचे गाडे झाले. शेवटी आक्षेपराव नाक मुठीत धरून नगरपालिकेच्या वाचनालयात गेले. तिथली ग्रंथपालबाई चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत राहिली. चित्रकथा होत्या ना, म्हणाली. कपाटभर होत्या. मुलं अक्षरशः तुटून पडायची. पण मागे तुमच्या विभागाचा एक आक्षेप आला. "वाचनालयाने चित्रांच्या पुस्तकांवर केलेला खर्च अनाठायी असून सदर पुस्तके निर्लेखित करावीत." मग काय, रद्दीत काढली सगळी.

आक्षेपरावांचा संताप अनावर झाला. कुठल्या गाढवाने काढला हा आक्षेप, असं त्यांनी विचारलं. बाईने फाइल आणली आणि सही दाखवली. सही ठसठशीत होती, खाली दोन रेघा. अशा दोन रेघा मारणारा माणूस अख्ख्या नगरपालिकेत एकच होता.

पुढचा काही वेळ ते वाचनालयातल्या बाकावर बसून होते. बाईला दया आली असावी. तिने पाणी दिलं आणि सांगितलं, की तो गठ्ठा एका डेंटिस्टने उचलला होता, दवाखान्यात पेशंटना वाचायला म्हणून. पत्ता ऐकताच आक्षेपरावांनी कपाळाला हात लावला. डेंटिस्ट तोच.

बायको म्हणाली, जा आणि सरळ मागा. सरळ मागायचं? प्रतिस्पर्ध्याकडे जाऊन, तुम्हालाच हरवायचंय, जरा पुरावा द्या, असं म्हणायचं? त्यापेक्षा त्यांनी दाढ दुखत असल्याची बतावणी करून शनिवारी सकाळची वेळ घेतली.

वेटिंग रूममध्ये गठ्ठा होता. फिश टँकच्या खालच्या फळीवर, व्यायामाच्या आणि घरसजावटीच्या मासिकांखाली दबलेला. आक्षेपरावांनी इकडेतिकडे बघून हळूच तो उपसला. लोहपंख आणि चोरलेला पूल. लोहपंख आणि मुका सायरन. आणि सगळ्यांत तळाशी, मुखपृष्ठ नसलेला, वाचनालयाचा "निर्लेखित" असा जांभळा शिक्का बसलेला, शेवटचा अंक. इतक्या वर्षांनी भेट होत होती. पानं ओळखीची वाटत होती, वादळ ओळखीचं होतं, गंजलेल्या पंखांची करकर ओळखीची होती. त्यांनी पान उलटलं.

लोहपंख बुडाला होता.

पुढच्या पानावर नुसता समुद्र होता. खडकावर तेलाची बुधली आडवी पडलेली. खाली जाड अक्षरात "समाप्त". आक्षेपरावांनी पानं मोजली, क्रमांक लागतात का बघितले, एखादं पान फाटलंय का म्हणून शिवणीत बोट घालून चाचपलं. एकही पान गेलेलं नव्हतं. बस नव्हती, आई नव्हती, टॉवेल नव्हता, गरम पाणी नव्हतं. सिनेमावाल्यांनी तेल, लिफ्ट, गंजासुर, सगळ्याची वाट लावली होती. नेमका शेवट तेवढा इमानाने उचलला होता. आणि ज्या शेवटासाठी ते आज संध्याकाळी आपलं पद पणाला लावणार होते, तो जगात कुठेच छापलेला नव्हता. तेवढ्यात आतून हाक आली.

खुर्चीत बसल्यावर डेंटिस्टने दाढ बघितली आणि ती खरोखरच किडलेली निघाली. बतावणीचा असाही हिशेब चुकता होतो. इंजेक्शन दिलं, तोंडात दोन नळ्या आणि कापसाचे बोळे कोंबले, आणि मग डेंटिस्टने आपली बाजू मांडायला घेतली. सिनेमा कसा थोर, मरण कसं भव्य, माणसाला उगाच घरी आणून बसवलं की कथेची कशी माती होते. मध्ये मध्ये तो विचारायचा, पटतंय ना. आक्षेपराव म्हणायचे, आ. वादात समोरचा इतका ऐकून घेतो आहे, हा अनुभव डेंटिस्टला नवीन होता. तो इतका खूश झाला, की निघणाऱ्या आक्षेपरावांच्या हातातला जुना अंक बघून म्हणाला, राहू द्या, घेऊन जा. पेशंट हल्ली फोन बघतात. मी तर हे कधी उघडूनसुद्धा बघितलं नाही.

म्हणजे व्हाउचर आता आक्षेपरावांच्या पिशवीत होतं, आणि ते काय सांगतं हे त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी येऊन त्यांनी सुजलेल्या गालाने बायकोला सगळं सांगितलं. तिने गाल शेकायला फडकं दिलं. मग म्हणाली, अंक मिळाला नाही म्हणून सांगा. कोण तपासायला येतंय? सल्ला अगदी व्यवहारी होता. आक्षेपरावांनी जन्मभर ज्या ज्या लोकांना पकडलं होतं, त्या सगळ्यांच्या बायकांनी त्यांना हाच सल्ला दिला असणार.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. प्रोजेक्टर कोपऱ्यात वायर गुंडाळून बसला होता. पहिल्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात दादा, हात मांडीवर ठेवून, शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या पालकासारखा. आक्षेपराव उभे राहिले. तोंडाची एक बाजू बधिर असल्यामुळे शब्द कलते पडत होते, पण त्यांचे बारीक आक्षेप लोकांना आवडले. तेलाच्या मुद्द्यावर टाळ्या पडल्या. गंजासुराच्या बालपणावर तर मुख्याध्यापकही हसले, आणि मग हसलो कसे म्हणून ओशाळले. मघाशी विझलेला माणूस जरा पेटला. वाटलं, निभेल. अंकाचं कुणाच्या लक्षात राहणार नाही.

सेक्रेटरीच्या लक्षात होतं. त्याने उठून विचारलं, की बाकी सगळं छान, पण तो शेवटचा अंक? बस, आई, गरम पाणी?

आक्षेपरावांनी पिशवीवर हात ठेवला. बायको खाली मान घालून पदराशी चाळा करत बसली. न मिळाल्याचं सांगायला फक्त एक वाक्य लागणार होतं, आणि ते त्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण दुसऱ्यांच्या तोंडून ते वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की स्वतःच्या तोंडून निघेना. त्यांनी पिशवीतून अंक काढला आणि टेबलावर शेवटचं पान उघडून ठेवलं. म्हणाले, सिनेमा बरोबर आहे. लोहपंख मेला. माझं म्हणणं निराधार आहे, आणि ते मी पुराव्याशिवाय जन्मभर धरून बसलो.

सेक्रेटरीला इतक्या सहज विजयाची सवय नव्हती. तो नुसताच उभा राहिला. आक्षेपरावांना मात्र त्याचं काही नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष पहिल्या रांगेकडे होतं, लहानपणी तो अंक त्यांना सांगणाऱ्या माणसाकडे.

"दादा," ते म्हणाले, "मग बस कुठून आली?"

दादाने घसा खाकरला. सगळा हॉल आपल्याकडे बघतोय हे त्याला मुळीच आवडलेलं नव्हतं.

"तुला ताप होता," तो म्हणाला. "अंक आला तेव्हा तू ग्लानीत होतास. मी वाचून काढला. मग तू उठलास आणि विचारलंस, लोहपंख घरी पोचला का. बाबा कामावर, आई आजीच्या आजारपणाला गावाला गेलेली. घरात मी एकटा. आता मला सांग, मी काय म्हणायचं होतं? बुडाला म्हणू?"

"आणि गरम पाणी?"

"ते मी तुलाच दिलं होतं. आई असती तर तिने दिलं असतं, म्हणून तिचं नाव घातलं." त्याने शर्टाची बाही सारखी केली. "अंकही मीच टाकून दिला. बरा झाल्यावर तू वाचला असतास."

डेंटिस्टने रुमाल काढला आणि थिएटरात पुसले होते त्याहून जास्त वेळ डोळे पुसले. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, हा शेवट चांगला आहे, हाच ठेवा. मग आपल्याकडे जे होतं ते झालं. कुणीतरी सूचक झालं, कुणीतरी अनुमोदक झालं, आणि सिनेमाचा व चित्रकथेचा शेवट फेटाळून वडील बंधूंनी सांगितलेला शेवट अधिकृत समजण्यात यावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. मुख्याध्यापकांनीसुद्धा हात वर केला. त्याच दमात सेक्रेटरीने हिशेबतपासनीसांचा राजीनामाही मंजूर करून घेतला. तो भावुक झाला होता, पण एवढाही नाही.

नंतर आक्षेपराव दादाला बसस्टॉपवर सोडायला गेले. उजेड कलला होता, दुकानांचे दिवे लागत होते. पद गेलं होतं, उद्यापासून लोक त्यांच्यासमोरून बिनधास्त जिना चढणार होते, आणि दाढेतला बधिरपणा उतरून आता खरी कळ सुरू झाली होती. दोघं भाऊ रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"दादा, मग पुढे काय झालं?" आक्षेपरावांनी विचारलं.

"कुणाचं?"

"लोहपंखाचं. घरी आला, पाय बुडवून बसला, झोपला. पुढे?"

दादाने वळणावर दिसणाऱ्या बसचा नंबर डोळे बारीक करून वाचला. त्याचीच बस होती.

"पुढे काय," तो म्हणाला, "सकाळी ताप उतरला त्याचा."